फणसावरची लाल रेघ

भायजान,

आज धरणाचे साहेब दुर्बीण घेऊन आले आणि आपल्या फणसावर लाल रेघ मारून गेले. रेघ घराच्या कौलांच्याही वर आहे. पाणी तिथवर येणार.

तुम्ही शांघाय बंदरातून पाठवलेलं कॅलेंडर ओटीवरच आहे. चीनच्या छुनआन परगण्यातलं ते निळं तळं, त्यातली हजार हिरवी बेटं. तुम्हीच लिहिलं होतंत, ही बेटं नव्हेत, डोंगरांचे माथे आहेत. एकोणसाठ साली धरण झालं आणि दोन जुनी शहरं वेशीसकट पाण्याखाली गेली. मी ते वाचलं, आणि तरीही येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत राहिले, "बघा तरी, काय देखणं आहे!"

साहेबांना विचारलं, "आणि दर्ग्याची टेकडी?"

चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "ती राहील ना, बाई. बेटासारखी छान दिसेल."

अम्माची कबर टेकडीच्या पायथ्याला आहे.

भर दर्यात हे वाचून तुम्ही काय कराल? म्हणून पत्र पेटीत टाकत नाही. पण भायजान, उद्या आपल्या टेकडीचाही कुणी फोटो काढेल. परमुलखातली कुणी बाई तो भिंतीवर लावेल आणि म्हणेल, काय देखणं आहे!

तुमची,
जुलेखा