आभाराची मिस्सा

फादर आंतोन यांस,

मी मॅरेथॉन पुरी करणारच, या भरवशावर आईने तुम्हाला चर्चमध्ये आभाराची मिस्सा आधीच सांगून ठेवली होती. बत्तिसाव्या किलोमीटरला माझ्या नडगीचं हाड तडकलं. तरी रविवारी तुम्ही वेदीवरून आभारात माझं नाव वाचलंत. मी कुबड्या घेऊन मागच्या बाकावर होते.

बाहेर मार्सेलिन मावशी म्हणाली, "आता तरी घरी बस गं, चव्वेचाळीसची झालीस!" तुम्ही हसून म्हणालात, "देवाची इच्छा."

चार वर्षं पहाटे चौलच्या रस्त्यावर मी जपमाळ म्हणत धावले, ती कोणाची इच्छा होती?

मी देवावर रागावले आहे आणि रोज प्रार्थनेत त्याला तेच सांगते. ऐकून घेणारा तो एकटाच उरलाय.

हे पत्र तुम्हाला देणार नाही.

रोझलिन