सीटखालचं इंजिन

२ डिसेंबर
सकाळी ह्यांनी व्हॅनच्या पुढच्या दोनी सीटा काढल्या. माझी पेरूखाली ठेवली. तिच्यावरच बसून मेथी निवडली. या सीटवर किती वेळा नागपूरले गेली असन मी. थंडीत खालून ऊब यायची, सँडल काढून पाय वर घ्यायची. ऊब इंजिनाची, हे माहीत होतं. पण इंजिन डोळ्यानं आज पाहिलं. काळं, तेलकट, एवढंसं.

संपलं आहे ते. निळा धूर सोडते, तेल पिते. हे म्हणाले, "आता याले उघडून फायदा नाही. दुसरं बसवतो." दुर्गच्या कबाड्याकडून जुनंच पण धडधाकट इंजिन आणून ठेवलं आहे. ओट्यावर पोत्यात गुंडाळून, पाहुण्यासारखं.

मीनलचा फोन. नागपूरहून रोज करते पोरगी. "आई, डॉक्टरनं बाबांले गाडी चालवू नका सांगितलं ना? मग इंजिन कशाले?"
म्हटलं, त्यांलेच विचार.
"तू विचार."
कोणीच नाही विचारलं.

५ डिसें.
हात. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. उजवा. रेल्वेत जन्मभर फिटर होते हे, त्याच हातानं. आता कप ठेवताना बशी वाजते, म्हणून मी बशी देणंच सोडलं. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं आहे. घरात ते नाव आम्ही घेत नाही. "हात" म्हणतो फक्त.

आज वायरी सोडवल्या. कोणती कुठली हे कळावं म्हणून मी जुन्या ब्लाउजांच्या चिंध्या बांधल्या. हे सांगत होते, मी गाठ मारत होती. पिवळी पाण्याच्या तापमानाची. जांभळी स्टार्टरची. हिरवा ब्लाउज मीनलच्या बारशाचा, तो जनरेटरच्या वायरीले गेला. दुपारपर्यंत इंजिन असं सजलं की आता वरात निघते का काय.

पाणी काढलं, तेल काढलं. तेल डांबरासारखं. हे बोट बुडवून बराच वेळ पाहत राहिले.

८ डिसें.
इंजिन उतरलं. मले वाटे वर उचलून काढत असतील. या गाडीचं उलटं आहे. इंजिन खाली सोडायचं अन् गाडीच उचलायची. शेजारचे साहूजी चेन-पुली अन् ती टांगायची तिपाई घेऊन आले, स्टील प्लांटमधून रिटायर माणूस, त्यांले असं काम म्हणजे सण. गाडीचं तोंड वर गेलं, फळीवरून इंजिन बाहेर ओढलं. साहूजींच्या मिसेस भिंतीवरून डोकावल्या, "इंजन ला उतार डारेव का दीदी?" म्हटलं, हो, उतरलं एकदाचं.

जेवणानंतर मी एकटीच व्हॅनमध्ये चढून मागच्या सीटवर बसली. समोर जिथं इंजिन होतं तिथं आता भोक. त्यातून जमीन दिसते. काचेतून ऊन येऊन त्या मातीवर पडलं होतं, एक मुंगळा चालला होता. डोळा लागला. दिसलं की गाडी चालून राहिली, इंजिनाशिवायच, आवाज नाही, अन् त्या भोकातून खाली रस्ता सरकून राहिला. नागपूरच्या वाटेवरचं राजनांदगाव गेलं. मग पाणी दिसलं खाली, रुंद, शांत. वैनगंगा. हे बाजूले होते पण त्यांच्याकडे पाहावंसं वाटलं नाही. पाहिलं तर संपन असं वाटत होतं.

उठली तर मातीवर पेरूची दोन पानं पडली होती.

१२ डिसें.
वाईट दिवस. नवीन इंजिनले क्लच लावायचा होता. बारके बोल्ट. एक पडला, शोधला. परत तोच पडला. मग पाना निसटला अन् बोटं सोलली. ह्यांनी पाना फेकला. भिंतीले लागून नालीत गेला.

एवढ्या वर्षांत हत्यार फेकताना पाहिलं नव्हतं. रेल्वेतून आल्यावर पानेसुद्धा पुसून ठेवणारा माणूस.

आत जाऊन पडले. मी नालीतून पाना काढला, धुतला, तेल लावून ठेवला. जेवायले उठले नाही.

१४ डिसें.
मी न विचारता मेकॅनिक बोलावला. सुपेल्याच्या गॅरेजचा, जवान, चांगला होता बिचारा. म्हणे, "अंकलजी, आप आराम करो, शाम तक हो जाएगा।" हे त्याले शांतपणे म्हणाले, "गाडी मेरी है बेटा. चाय पी के जाओ." तो चहा पिऊन गेला.

मग मले, "कावून बोलावलं त्याले?"
"तुमाले त्रास होऊन राहिला म्हणून."
"त्रास तर आहेच."
मी पोळ्या करत राहिली. एक जळली.

१७ डिसें.
काही नाही. धुकं. गाडी तशीच, तोंड वर करून. हे पायरीवर बसतात, तिच्याकडे पाहतात, मी ह्यांच्याकडे. संध्याकाळी प्लांटकडचं आभाळ नारिंगी होते, त्यात गाडीच्या काचाही पेटल्यासारख्या. सुंदर दिसते खरं सांगायचं तर. पण कोणाले सांगू.

मीनल म्हणे, विकून टाका. फोन ठेवला मी.

२० डिसें.
सकाळी भाकरी थापत होती. हे स्वैपाकघरात आले. "शोभा, तुझे हात दाखव." पिठाचे हात तसेच पुढं केले. उलटे-सुलटे करून पाहिले ह्यांनी, हत्यार पारखावं तसे.
"तू कर. मी सांगतो."

क्लच मीच लावला. दुपारी साहूजींनी इंजिन गाडीखाली सरकवून दिलं, जॅकनं वर घेतलं अन् जेवायले गेले. आता गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या बरोबर मधात शिरला पाहिजे. केसभर इकडं-तिकडं चालत नाही. मी पोतं अंथरून गाडीखाली शिरली. हेही शिरले, बाजूले उताणे.

"पाहू नको. डोळे मीट. हातानं समज."
"अडलं."
"जोर नको लावू. फिरव जरासं. परत. अजून."
"अडलंच आहे."
"घाई नाही."

किती वेळ गेला काय माहीत. मग ते सरकलं. आपोआप, डब्याचं झाकण बसावं तसं. मी काही केलंच नाही असं वाटलं.
"बसलं," मी म्हटलं.
"हो. कळलं मले."

बोल्ट हातानं लावले, पण नंतर बाहेर कोणीच निघालं नाही. दोघं तसेच पडून, वर गाडीचं पोट. भर दिवसा असे शेजारी पडलो होतो त्याले किती काळ झाला. ह्यांचा हात माझ्या दंडाले लागला होता. थरथरत होता, लागू दिला. साहूजींच्या मिसेसले भिंतीवरून आमचे चार पायच दिसले असतील. "का होगे दीदी?" काय झालं म्हणून ओरडल्या. हे हसले. फार दिवसांनी.

२४ डिसें.
वायरी लागल्या. पाणी, तेल भरलं. चावी फिरवली, गुरगुरलं, बंद. परत. बंद. ह्यांनी कान लावला अन् म्हणाले, प्लगच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या. बदलल्या. मी चावी फिरवली अन् लागलं.

ह्यांनी उजवा हात उघड्या इंजिनावर ठेवला. इंजिन थरथरत होतं, हात थरथरत होता. कोणाचं किती, ओळखू येत नव्हतं. तापेपर्यंत हात काढला नाही.

२७ डिसें.
मीनल उद्या येते. बाबांले नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणते, ट्रेननं. हे काल जेवताना म्हणाले, "आपल्या गाडीनं जाऊ." कोण चालवन, हे मी विचारलं नाही.

आज सकाळी फाटकाचा आवाज आला. पाहिलं तर हे स्टिअरिंगवर. मी हात पुसले अन् जाऊन बाजूले, पेरूखालून परत आलेल्या माझ्या सीटवर बसली. हळूहळू गल्लीच्या तोंडापर्यंत नेली ह्यांनी. समोर मोठा रस्ता, ट्रक चालले होते. तिथं थांबवली. हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

मग दरवाजा उघडून उतरले, वळसा घालून माझ्या बाजूले आले अन् उभे राहिले. मी सरकून स्टिअरिंगसमोर बसली. लग्नानंतर कधीतरी रेल्वेच्या ग्राउंडवर ह्यांनी चालवायले शिकवलं होतं, तेवढंच. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा पहिल्या गिअरमध्ये घरापर्यंत आणली.

"नागपूर लांब आहे," अंगणात आल्यावर हे म्हणाले.
"लांब आहे. पण रस्ता सरळ आहे."
हे उतरले नाही. मी इंजिन चालूच ठेवलं.