वरून बटणं, आतून पट्टी

ता. ३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार खराखुरा साष्टांग समज. पुढचं वाचून तुझं डोकं फिरणार आहे, तेव्हा आधीच पाया पडून ठेवलेलं बरं.

तुझी लाडकी भाची भिंगरी नव्या शाळेत चौथीत जायला लागून अडीच महिने झाले. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिकांनी मला बोलावलं. खेळाचा तास संपला की मुलींना कपडे बदलायला पाच मिनिटं मिळतात. बाकीच्या वर्गात पोचल्या, आमच्या बाईसाहेब पंचवीस मिनिटं झाली तरी बदलायच्या खोलीतच. बाई शोधायला गेल्या तर ही बाकावर बसलेली, शर्टाचं तिसरं बटण पाचव्या काजात, बूट उलटे. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणे सुरुवात कुठून करायची याचा विचार करतेय. बाईंना तो उद्धटपणा वाटला. ती खरंच विचार करत होती रे.

मग वह्या दाखवल्या. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी, त्याही कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेल्या. तोंडाने विचारा, सगळं येतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं की सहामाहीचे पेपर असेच अर्धे राहिले तर हिला तिसरीत बसवावं लागेल.

मी तिला मुलांच्या तपासणी केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तिला उड्या मारायला लावल्या, मणी ओवायला लावले, चेंडू झेलायला लावला. म्हणाल्या, बुद्धी चोख आहे, हातपाय धडधाकट आहेत, पण डोक्याने ठरवलेली हालचाल हाताकडून नीट होत नाही. आपल्याला जे एकदा शिकलं की सवयीने जमतं, ते हिला दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. हालचालींच्या समन्वयाची अडचण म्हणतात याला. बऱ्याच मुलांना असते आणि आळसाशी तिचा काडीचाही संबंध नाही. शाळेसाठी पत्रही दिलंय त्यांनी, की मोठी उत्तरं तोंडी घ्या आणि लिहायला वेळ जास्त द्या.

मग त्यांनी विचारलं, घरी बटणं लावताना काय होतं? घरी येऊन कपाट उघडलं. दादा, गणवेश सोडला तर एकाही कपड्याला बटण नाही! सगळ्यांना इलॅस्टिक, सगळी शिवण तुझी. मीही काही कमी नाही. उशीर नको म्हणून गणवेशाची बटणं रोज मीच लावते, बुटाच्या नाड्याही मीच बांधते. नऊ वर्षं आपण भाऊबहिणीने मिळून पोरीची अडचण अस्तराखाली घालून शिवून टाकली.

लोभ आहे हे तर कपाटातच दिसतं, सध्या राग तेवढा आवरावा ही विनंती.
तुझी,
छोटी

---

ता. ९ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ. त्यातले दोन परत घेणार होतो, तुझ्या वहिनीने हात धरला म्हणून वाचलीस.

समन्वय काय, अडचण काय! आपल्या घराण्यात पाचव्या वर्षी पोरं सुईत दोरा ओवतात. तू सातव्या वर्षी ओवलास, म्हणून तुला कुणी डॉक्टरकडे नेलं होतं का? भिंगरी विचार करणारी पोर आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन तास पाहिलं, मी नऊ वर्षं पाहतोय.

आणि बटणांचं म्हणशील, तर ती तीन वर्षांची असताना तुम्ही इथे आला होतात, आठवतं? झग्याच्या एका बटणाशी झटून झटून पोर घामाघूम झाली आणि शेवटी भिंतीवर डोकं आपटायला लागली. मला बघवेना. तिथल्या तिथे झगा उसवला आणि इलॅस्टिक घातलं. पोर हसली. त्यानंतर मी कशाला बटणं लावतोय? मामा आहे मी, कसाई नाही.

आता ऐक. गणवेशाचे दोन्ही शर्ट मला पाठवून दे. वरून नऊच्या नऊ बटणं जागेवर दिसतील, काजंही दिसतील, आणि आतून व्हेल्क्रोची पट्टी. दाबली की बसली, ओढली की सुटली. शाळेत कुणाच्या बापाला कळलं तर दुकानाची पाटी उतरवीन.

लोभ आहेच. नसता तर शर्ट पाठव म्हटलं असतं का?
तुझा,
दादा

---

ता. २७ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. दुकानाची पाटी राहू दे. कुणालाही कळलं नाही. दुखणं नेमकं तेच आहे.

शर्ट अप्रतिम झालेत, मला स्वतःला जवळून पाहूनही कळेना. भिंगरी पहिल्याच दिवशी तीन मिनिटांत कपडे बदलून वर्गात हजर. बाईंनी पाहिलं, शाबासकी दिली, सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मी मनात म्हटलं, जिंकलं दादाने.

काल डॉक्टरीणबाईंचं इतके दिवस द्यायचं राहून गेलेलं पत्र घेऊन मी बाईंकडे गेले. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, आता याची गरज उरलेली नाही. मनावर घेतलं तर पंधरा दिवसांत बटणं जमली, तसंच लिखाणही जमेल. सवलत दिली की मुलं ऐदी होतात. मुख्याध्यापिकांना त्यांनी तसं कळवूनही टाकलंय. म्हणजे आपल्या पट्टीने पोरीला आळशी ठरवून दिलं! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी तिथे तोंड उघडलं नाही. खोटेपणा उघडा पडला तर पोरीचं हसं होईल, ही भीती वाटली.

भिंगरीला घरी विचारलं, त्या टाळ्या आवडल्या का? म्हणाली, नाही, त्या शर्टाला होत्या. आणि दोन दिवस झाले, तिने वर्गात हात वर करणंच बंद केलंय. सहामाहीला तेरा दिवस उरलेत. काही सुचत नाही, दादा.

लोभ राहू दे, अक्कल असली तर तीही पाठव.
तुझी,
छोटी

---

ता. २ ऑक्टोबर

चि. छोटीस,
अ. उ. आ. या वेळी एकही परत घेत नाही.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो, की मन लावलं तर काय जमत नाही. तिने काही न बोलता कापडाच्या पट्टीने माझा उजवा हात कमरेला बांधला आणि डाव्या हातात सुई देऊन एक पायजमा पुढ्यात टाकला. म्हणाली, तळाची दुमड घाला, गिऱ्हाईक यायचंय. छोटे, चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. एका पायाची दुमड घालायला पाऊण तास लागला, बोटाला सात वेळा टोचलं, आणि ही बया शेजारी बसून दर मिनिटाला सांगतेय, लक्ष द्या, जमतं तुम्हाला, टाळाटाळ करताय. शेवटी मी पायजमा भिरकावला. ती एवढंच म्हणाली, भिंगरी हे रोज ऐकते.

मला रडू आलं, लिहायला लाज कसली. माझा हात संध्याकाळी सुटला. तिचा सुटत नाही, आणि मी म्हणत होतो तिला काही झालेलंच नाही.

सोबत मुख्याध्यापिकाबाईंच्या नावे पत्र आहे. मी शिंपी, ही लबाडी माझी, पोरीचा दोष नाही, असं सगळं कबूल केलंय. पण आधी ते भिंगरीला वाचून दाखव. एकदा तिला न विचारता शर्ट शिवला, आता पत्रही न विचारता द्यायला नको. तिला नको असेल तर फाडून टाक.

लोभ आहेच, चुकलेल्या मामावर तुम्हीही थोडा ठेवावा.
तुझा,
दादा

---

ता. २४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. बावीस दिवस उत्तर नाही म्हणून वहिनीकडे माझ्या नावाने बोटं मोडली असशील. निकाल हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आधी तेच सांगते, नाहीतर पुढचं तू वाचायचाच नाहीस. भिंगरी चौथीतच आहे. आणि चांगली आहे!

आता पहिल्यापासून ऐक. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा ऐकलं आणि म्हणाली, दप्तरात ठेव, मीच सांगते. मी नको नको म्हणत होते. तिच्या बाबाने मला डोळ्यांनी दटावलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही तिघं, समोर त्या आणि वर्गशिक्षिका. मी बोलायला सुरुवात करणार, तोच ही खुर्चीतून उतरली, उतरताना टेबलावरची पेनं पाडली, ती तशीच राहू दिली, आणि दोन्ही हातांनी शर्टाची पुढची पट्टी धरून ओढली. खर्र! आत बनियन होतं म्हणून बरं. वर्गशिक्षिका उभ्याच राहिल्या. भिंगरीने सांगितलं, की ही बटणं दाखवायची आहेत, माझ्या मामाने शिवलीत कारण त्याला माझं रडणं बघवत नाही. खऱ्या बटणांना मला बारा मिनिटं लागतात, घाई केली तर वीस. लिहितानाही तसंच होतं, अक्षर कसं काढायचं यात डोकं गुंतलं की उत्तर विसरायला होतं. मी आळशी नाही, मी दमते. उत्तरं मला येतात, मला तोंडाने विचारा.

दादा, मी नऊ वर्षं या पोरीची बाजू मांडत फिरतेय. मला एकदाही असं मांडता आलं नाही.

मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे विज्ञानाचं पुस्तक मागवलं आणि वर्गशिक्षिकांना म्हणाल्या, विचारा. वीस मिनिटं विचारत होत्या. होकायंत्र, सावली, झाडाची मुळं, सगळं हिने सांगितलं. एका प्रश्नाला सरळ म्हणाली, हे मी वाचलेलं नाही. वर्गशिक्षिका हसल्या आणि आमच्यादेखत भिंगरीला म्हणाल्या की माझं चुकलं, मी समजून घ्यायला हवं होतं. मोठ्या मनाची बाई आहे, मी उगाच बोल लावत होते.

मोठी उत्तरं तोंडी, लहान उत्तरांना जादा वेळ, असं ठरलं. खेळाच्या तासातून तिला दहा मिनिटं आधी सोडतात. काल निकाल लागला. विज्ञानात वर्गात तिसरी, गणितात बेताची, आणि चित्रकलेत काठावर, त्याचं तिला दुःख नाही. डॉक्टरीणबाईंकडे दर आठवड्याला हाताचा सराव सुरू आहे. नाडीची पहिली गाठ बसते, दुसरी अजून सुटते. सकाळी आम्ही वीस मिनिटं लवकर उठतो आणि मी हात मागे बांधून उभी राहते, नाहीतर माझ्याने राहवत नाही.

त्या दिवशी मुख्याध्यापिकांना भेटून घरी येताना मी बसमध्ये सगळ्यांकडे बघत होते. वाटत होतं, कुणीतरी विचारावं, ही कुणाची मुलगी.

लोभ वाढवायला आता जागा नसेल, तरी कुठेतरी दुमडून बसवावा.
तुझी,
छोटी

---

ता. २९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. हे पत्र तुझ्या आईला नाही, तुला आहे. तिने मध्ये नाक खुपसू नये.

बाई गं, तू त्या खोलीत काय बोललीस ते मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय. परवा एक गृहस्थ सदऱ्याचं माप द्यायला आले, ते माप न देताच अर्धा तास ऐकत उभे. तुझी मामी म्हणते, आता पुरे, लोक दुसरा शिंपी शोधतील. शोधू देत. माझी भाची दोन बायांसमोर शर्ट ओढून खरं बोलली आणि मी सांगायचं नाही होय?

मी आयुष्यभर लोकांना विचारत आलो, गळा केवढा ठेवू, बाही कुठपर्यंत. तुला मात्र कधीच विचारलं नाही. तुला काय जमणार नाही ते मीच ठरवलं आणि कात्री चालवली. मामाला माफ कर.

पाच नवे शर्ट शिवायचे आहेत. कापड बेतायचं बाकी आहे. कसे हवेत ते तू कळव, त्याआधी मी कात्रीला हात लावणार नाही.

लोभ तर होताच, आता भारी अभिमानही आहे.
तुझा,
मामा

---

ता. ५ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि. हे आधी लिहायचं असतं म्हणे. अक्षर बाबाचं आहे, बोलणं माझं. तो मध्ये मध्ये शब्द सुधारतो, मी परत बिघडवायला लावते.

माफ केलं. मामीला सांग, तिने तुझा हात बांधला ते मला फार आवडलं. पुढच्या वेळी मी आले की परत बांधू या, मला बघायचंय.

आता शर्ट. दोन शर्टांना खरी बटणं लाव, मोठी आणि जाड, ते मी सुट्टीच्या दिवशी घालीन, कारण तेव्हा माझ्याकडे वेळ असतो. मला लागायचा तेवढा वेळ लागू दे, कुणी मदतीला यायचं नाही. उरलेले तीन शाळेसाठी, त्यांना पट्टी हवी. शाळेत मला विचार करायला डोकं मोकळं लागतं, ते बटणांत घालवायचं नाही.

लोभ असावा असं शेवटी म्हणायचं असतं, पण तू तर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतोस, मग मागायचं कशाला?

आणि मामा, पट्टीच्या शर्टांना वरून खोटी बटणं लावू नकोस. पट्टी दिसली तर दिसू दे. कुणी विचारलं तर मी सांगेन.

तुझी,
भिंगरी