अकराचा नंबर लागत नाही

१ सप्टेंबर २०१९, रविवार

फादर्स डे, आमच्याकडे सप्टेंबरात. आमच्या ब्रेंडनचा मेलबर्नहून डेसला फोन. दोघं भरपूर वेळ रग्बीवर बोलले. मग "मम बरी आहे ना?" डेस म्हणाला, बरी आहे. मी शेजारीच उभी होते.

दुपारी नायरीचा फोन. "मॉरीन, तुझ्या मशीनने आज मला परत चार नंबरवर पाठवलं. ती बया परवाच मला चावलीय." मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, बोट दाखवू का? शिवाय अकरा नंबर या फेरीत एकदाही लागला नाही म्हणे.

गणित अडलं की दिलेलं काय आहे ते आधी लिहा, असं शाळेत सिस्टर कोलंबा सांगायच्या. तर दिलेलं: आमच्या टेकाडावर छोट्या निळ्या पेंग्विनसाठी लाकडी पेट्या आहेत, चौदा. नायरीने रोज एक उघडायची, आत कोण आहे ते पाहायचं. कुठली, ते मी ठरवत नाही की नायरी ठरवत नाही. नाहीतर माणूस जवळची आणि सोपी तेवढीच उघडतो. माझा आर या संगणकी भाषेतला प्रोग्रॅम ठरवतो. या फेरीत न उघडलेल्या पेट्यांतून एकीची सोडत काढतो आणि बाराच्या ठोक्याला मेल पाठवतो. दोन आठवड्यांत फेरी पुरी. सहा वर्षं बिनबोभाट चाललंय.

अकरा नंबर उत्तरेच्या टोकाला एकटीच आहे. तिथेच नगरपालिकेला बोटी उतरवायचा धक्का करायचाय. २४ ऑक्टोबरला सुनावणी. या हंगामात पेटीत पक्षी दिसल्याची नोंद असेल तर धक्का दुसरीकडे, नसेल तर पेटी उचलायची.

किरकोळ बिघाड असणार. उद्या अर्ध्या तासात काढते.

२ सप्टेंबर, सोमवार

काढला नाही. पण कारण सापडलं. हिवाळ्यात मी आर नवं घेतलं, ३.६. त्यात सोडत काढण्याची रीतच त्यांनी बदललीय, तसं जाहीरही केलंय. म्हणजे चूक त्यांची. फार हलकं वाटलं. केक केला.

डेसला समजावलं. तो केक खात म्हणाला, "अकरा नंबर इथून पंधरा मिनिटांवर आहे. जा आणि झाकण उघड."

नंबर लागला नाही ती पेटी उघडायची? चाळीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आले की कुंपणाजवळची मेंढी पकडून वजन करू नका. आता मीच कुंपणाजवळची मेंढी पकडू? डेस म्हणाला, मेंढी नाही, पेंग्विन. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

दोषाची रीतसर तक्रार लिहायला बसले. पहिल्या परिच्छेदात थोडी पार्श्वभूमी द्यावी असं वाटलं. आर भाषा जन्माला आली तेव्हा मी ऑकलंडला त्याच इमारतीत, एक मजला वर, संख्याशास्त्राची ट्यूटर होते. दुपारच्या चहाला खाली जायचे. खिडकीतून बंदर दिसायचं, कुणीतरी जिंजरनट बिस्किटांचा डबा फिरवायचं आणि आम्हाला वाटायचं की जगातले सगळे प्रश्न मोजून सुटणार आहेत. मी तेव्हा हिरवा कोट घालत असे. तो कोट कुठे गेला कोण जाणे.

पार्श्वभूमी दोन पानं झाली. दोषापर्यंत पोचले नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

तक्रारीआधी आरच्या मदतीच्या ईमेल-यादीवर मेल टाकली. जगभरातले आरवाले तिथे असतात. मी स्वतः तिथे जुनी. नवख्यांना किती वेळा लिहिलं असेल, "मदतीचं पान वाचा, मग विचारा." प्रेमानेच लिहायचे.

११ सप्टेंबर, बुधवार

उत्तर आलं. डेन्मार्कच्या योर्गन नावाच्या गृहस्थांचं. तीन ओळी. माझा प्रोग्रॅम फार लांब आहे, पेंग्विनची माहिती अनावश्यक आहे, दोष दिसेल एवढा छोटा नमुना पाठवा. आणि मदतीचं पान वाचलंय का?

मला! मदतीचं पान!

ते पान मला पाठ आहे. १९९९ साली वाचलंय.

१५ सप्टेंबर, रविवार

फेरीचा शेवटचा दिवस. बाराची मेल: पेटी चार. नायरी जाड हातमोजे घालून गेली. परत येऊन म्हणाली, "ती आता मला ओळखते. झाकण उचलायच्या आधीच चोच वासते."

मग तिने विचारलं की दर फेरीत क्रम तोच कसा येतो. पहिल्या दिवशी नऊ, मग दोन, मग तेरा. मी सांगितलं की मी प्रोग्रॅमला आरंभीचा एक ठरावीक आकडा देते, चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनची तारीख. तोच आकडा दिला की सोडत हुबेहूब तशीच निघते, कुणालाही पडताळता येते. सगळे शहाणे लोक असंच करतात.

"दर वेळी तोच क्रम, तर सोडत कशाला?"

"अगं, क्रम रँडमच आहे. फक्त दर वेळी तोच रँडम आहे."

नायरी शाळेत भूगोल शिकवायची. भूगोलवाल्यांना हे कळणं अवघड आहे. तिने बशीतून आणखी एक स्कोन उचलला.

१८ सप्टेंबर, बुधवार

योर्गनसाठी छोटा नमुना केला. तीन पेट्यांतून एकीची सोडत: बरोबर. दोन पेट्यांतून, चार आणि अकरा: बरोबर. शंभर वेळा काढली, शंभरही वेळा बरोबर. एकीवर करून पाहिली नाही. एकीची काय सोडत काढायची?

म्हणजे छोट्या नमुन्यात दोष नाही, मोठ्यात आहे. हे जास्त गंभीर आहे. योर्गनना तसं कळवलं.

उत्तर नाही. वरमले असतील.

२३ सप्टेंबर, सोमवार

डेसने विचारलं, जुनं आर परत घालता येत नाही का? येतं. पण मग दोष झाकला जाईल आणि जगभर किती जणांची किती पेट्यांची नोंद चुकत राहील. हा आता फक्त आमच्या टेकाडाचा प्रश्न राहिला नाही.

शिवाय जुनं कसं घालायचं ते ब्रेंडनला माहीत आहे. त्याला कामाच्या दिवशी फोन करणं बरं नाही.

गुडघा दुखतोय.

२९ सप्टेंबर, रविवार

आजपासून घड्याळं तासभर पुढे. फेरीचा शेवटचा दिवस. मेल आली: पेटी चार.

घड्याळाचा संबंध असावा असं सकाळभर वाटत होतं. नाही.

नायरी म्हणाली, अकरा नंबरसाठी आता एकच पुरी फेरी उरली. मी म्हटलं, एक फेरी पुष्कळ आहे. पूर्ण प्रोग्रॅम नव्याने लिहिणार. जुना मी घाईत लिहिला होता, ब्रेंडनच्या लग्नाच्या वर्षी.

५ ऑक्टोबर, शनिवार

नवा प्रोग्रॅम झाला. फार देखणा आहे. प्रत्येक ओळीवर टीप. सिस्टर कोलंबा असत्या तर समासात एक चांदणी दिली असती. फक्त सोडतीचं फंक्शन तेच ठेवलं, कारण ते आरचंच आहे, माझं नाही.

ही फेरी चालू असल्यामुळे क्रम मोडू नये म्हणून आरंभीचा आकडाही तोच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज नंबर बाराचा होता. नायरी वाट वाकडी करून उत्तरेच्या टोकावरून आली. तिथूनच फोन. वारा एवढा की ती ओरडून बोलत होती. "मॉरीन, अकरामधून आवाज येतोय! कुरकुर चाललीय आत! उघडू?"

मी खुर्चीतून उठलेच. मग म्हटलं, नको.

"का नको?"

"नंबर लागला नाही."

मी सांगितलं की तीनच दिवस राहिलेत, रविवारी अकराचा नंबर लागणारच, बाकी सगळ्या उघडून झालेल्या असतील. मग आपली नोंद अशी असेल की कुणाला बोट ठेवायला जागा नाही. आज उघडली तर ते म्हणतील, यांना हवी तीच पेटी यांनी उघडली.

नायरी म्हणाली, "मी शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापकांचं ऐकलं. ते चुकतायत हे मला दर वेळी कळायचं. तुझंही ऐकते." आणि तिने फोन ठेवला.

रागात होती बहुतेक. पण उघडली नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाराला पाच मिनिटं असताना चहा करून बसले. डेसही येऊन बसला, हे विशेष.

पेटी चार.

डेस उठला आणि गवत कापायला गेला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

नायरी आज पुन्हा उत्तरेला गेली होती. आता आवाज नाही म्हणाली. एवढंच म्हणाली.

पिल्लं झोपलेली असू शकतात.

सुनावणीत काय सांगायचं ते ठरवलंय. लपवाछपवी नाही. आर ३.६, सोडतीची बदललेली रीत, त्यातला संभाव्य दोष, नोंद का नाही, सगळं आलेखांसह. लोकांना नीट समजावून दिलं की ते ऐकतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

निळा ब्लेझर घातला. समितीत तीन जण. अध्यक्षबाई माझ्याच वयाच्या, चष्मा केसांवर. धक्क्यावाल्यांचा माणूस पाच मिनिटांत बसला. मला दहा दिली. मी आलेख क्रमांक दोनवर होते तेव्हा नऊ झाली होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मिसेस गेराटी, हे सगळं खूप छान आहे. पण अकरा नंबरची पेटी कुणी उघडून पाहिली का?"

मी म्हटलं, तिचा नंबर लागला नाही.

"हो, ते कळलं. पण पाहिली का?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. नायरी खाली बोटाकडे बघत होती. तिने काही सांगितलं असतं तर मला चाललं असतं. "मी जात होते, हिने अडवलं," असं. ती नाही बोलली.

निर्णय तिथेच झाला. नोंद नाही, सबब वापर नाही. पेटी आठवड्याच्या आत उचला, दक्षिण उतारावर हवी तर ठेवा. सोमवारी सुट्टी म्हणून मंगळवारी कामाची माणसं येतील.

घरी येऊन ब्लेझर न काढताच बसले आणि सोडतीच्या फंक्शनचं मदतीचं पान उघडलं. योर्गनना त्यातली एखादी त्रुटी दाखवावी म्हणून.

तिथे लिहिलंय. अनेक आकडे दिले तर त्यातून सोडत निघते. पण एकच आकडा दिला तर तो आकडा म्हणजे एकटी वस्तू नव्हे, एकपासून तिथपर्यंतची सगळी रांग, असं समजून त्या रांगेतून निघते. खाली टीप: ही सोय आहे, पण कधी कधी नको ते घडवू शकते.

म्हणजे शेवटच्या दिवशी एकटी अकरा उरली की ते एक ते अकरामधून काढत होतं. आणि चार काढत होतं. जुन्या आरमध्ये शेवटी पहिल्या नंबरची पेटी उरायची. एकपासून एकपर्यंत एकच. सहा वर्षं माझा प्रोग्रॅम बरोबर होता तो एवढ्यासाठी.

एकटं कुणी उरलं की त्याला एकटं न मोजण्यात कसली सोय?

योर्गनना लिहिलं की ही टीप ठळक अक्षरांत हवी. माझं हे मत कायम आहे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुरुस्ती केली. एक ओळ. चहा गरम होता तोवर झाली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

तिघं मिळून पेटी उचलायला गेलो. झाकण मी उघडलं. आता नंबराचा प्रश्न नव्हता.

आत कुणी नाही. पण सगळीकडे राखाडी पिसांचा कापूस, भिंतींवर पांढरे ओघळ, अंड्याच्या कवचाचे तुकडे, आणि मासळीबाजारासारखा वास. कोपऱ्यात गवत गोल दाबलेलं होतं, दोन जागी. नायरी गुडघ्यावर बसली आणि कापूस बोटांत घेऊन म्हणाली, "दोन होती. आठवडा-दहा दिवसांपूर्वी समुद्रात गेलीत." मग हळूच, "चांगली पोसलेली दिसतात." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

फोटो काढले. तिथूनच अध्यक्षबाईंना पाठवले. मोठ्या सुट्टीचा शनिवार असूनही लगेच उत्तर आलं. सभ्य बाई. ऐकून आनंद झाला, पण नोंद मुदतीत हवी होती, निर्णय आता बदलता येत नाही.

पेटी भिजून जड झाली होती. डेसने एक बाजू धरली, मी दुसरी. नायरी पुढे झुडपं बाजूला करत होती. दक्षिण उताराची जागा खरं तर जास्त चांगली आहे, सावली आहे, वारा कमी. मी तसं बोलून दाखवलं.

मी विचारलं, पुढच्या वर्षी ती जोडी इथे येईल का?

"येईल की," नायरी मागे न बघता म्हणाली. "आपल्या जुन्या जागी येईल. वर्षानुवर्षं तिथेच येतात ती. धक्क्यावर."

"पण पेटी आता इकडे आहे."

डेसने पेटी मांडीवर टेकवली, हात बदलला, पुन्हा उचलली. "त्यांना तुझी मेल जात नाही, मो," तो म्हणाला.

मी माझी बाजू जरा वर उचलली. चढ होता.