पाच उंच मॅडम, एक रिंग

आदरणीय राजानंदभाऊ यांस,
संघपालचा सप्रेम जयभीम.

सासूबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल, तुमचा कापूस वेचून झाला असेल, असं धरून चालतो. इकडं कुंभार पिंपळगावात मी खुशाल आहे (भाजीत दोनदा मीठ पडलं, तेवढं सोडून). तीनदा फोन लावला, तुम्ही उचलला न्हाई. तुमच्या धावड्याला रेंज नसावी, म्हणून पत्र.

विशेष म्हणजे शिक्षिकांच्या बास्केटबॉल स्पर्धेत आमची टीम फायनलला गेली. प्रशिक्षक मी. निवड एकदम शास्त्रशुद्ध केल्ती. शाळेच्या दारात सगळ्या मॅडमना उभं केलं अन् ज्यांचं डोकं चौकटीच्या जवळ गेलं त्या पाच घेतल्या. तुमची बहीण दीपमाला बरीच खाली राह्यली. शिवाय ती चेंडू दोन्ही हातांनी, छातीपासून ढकलते. असं पुस्तकात न्हाई, हे तिला नवरा म्हणून न्हाई तर प्रशिक्षक म्हणून समजावलं अन् राखीव म्हणून बाकावर बसवलं. (त्या दिवशी घरी स्वयंपाक झाला न्हाई, तो विषय वेगळा.)

सेमीफायनल शहागडच्या मॅडमशी होती. आमच्या पाचही उंच मॅडम जाऊन रिंगखाली उभ्या. मंग शहागडच्याही पाचजणी तिथंच. दहाजणींच्या गर्दीत चेंडू आत द्यायला जागा न्हाई, अन् बाहेरून टाकावा तर एकीलाही नेम न्हाई. साधना मॅडमचा एक चेंडू तर पाहुण्यांच्या चहाच्या ट्रेमध्ये पडला. अर्ध्या वेळेला त्यांचे बारा, आमचे चार. आणखी एखादी उंच मॅडम कुठं मिळती का, ते मी प्रेक्षकांत बघून राह्यलो होतो. तेवढ्यात दीपमाला बाकावरून उठली अन् शांतपणे म्हणाली, "रिंगखाली एकट्या साधनाताई थांबा. बाकीच्यांनी लांब लांब उभं राहा. अन् चेंडू मला द्या."

तिनं लांबून तीन टाकले, तिन्ही आत. मंग शहागडच्या दोघी-दोघी तिला अडवायला बाहेर आल्या. तिकडं साधना मॅडम एकदम मोकळ्या, अन् हिनं बराबर त्यांच्याच हातात चेंडू दिला. असं पाच-सहा वेळा झालं. दोन गुणांनी जिंकलो. खरं सांगतो भाऊ, टाळ्या वाजवायचं विसरून मी नुसता बघत राह्यलो.

त्यानंतर तिला चार दिवस माहेरी जावंसं वाटलं. मी बिलकुल आडवा आलो न्हाई.

आपला,
संघपाल

ता.क. : फायनल रविवारी जालन्याला आहे. तिला शनिवारपर्यंत पाठवावं. सेमीफायनलनंतर शाळेत झालेल्या सत्काराच्या भाषणात मी विजयाचं श्रेय "माझ्या डावपेचाला" दिलं अन् तिचं नाव घ्यायचं राह्यलं, हे तुम्हाला तिनं सांगितलंच असेल. (रेंजचा प्रश्न तिथूनच सुरू झाला असावा.) चूक माझीच.

ता.क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो, तर तिचाच फोन आला. येते म्हणाली. अट एकच : टाइमआउटला ती बोलणार, मी फक्त पाणी द्यायचं. मी कबूल केलं. तरी तुम्ही मोठे आहात, जरा शब्द टाका. पाणी थंड द्यायचं की साधं, एवढं तरी प्रशिक्षकाला ठरवू दे म्हणावं.