कुबीकचं बिऱ्हाड

ब्रनो, २ सप्टेंबर १९८४

ती. लोइझादादास,

ओत्लाचा सा. न. वि. वि. इकडे गुडघा सोडून सगळं ठीक. तुझ्या खोकल्याचं तू कधीच लिहीत नाहीस, या खेपेला तेवढं लिही.

बातमी अशी की मला वृद्धाश्रमात जागा मिळाली. नोव्हेंबरात जायचं. चौथ्या मजल्यावर चढून आले की जीव जागेवर यायला वेळ लागतो, आणि परवा तर जिन्यात बटाट्याच्या पिशवीसकट आपटले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की आता हे घर सोडा. आश्रम स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं, माझी काही तक्रार नाही. अडचण आहे ती कुबीकची. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या की प्राणी चालत नाहीत. मी म्हटलं, अहो, अंगठ्याएवढा झाडबेडूक आहे. तर म्हणे कॅनरीसुद्धा चालत नाही.

तुला ठाऊकच आहे, मी भाजीच्या दुकानात होते तेव्हा हा सॅलडच्या पेटीतून आला, एका डोळ्याने आंधळा. बागेत सोडला तर त्याला माशी पकडता यायची नाही, उपाशी मरेल. तू त्याला ठेवून घेशील का? मात्र एक बजावून ठेवते. आपल्या आबांसारखं त्याला बरणीत शिडी लावून पावसापाण्याचा अंदाज सांगायला बसवायचं नाही. आबांचा एकही बेडूक पुढचा उन्हाळा बघायला राहिला नाही, आणि अंदाज चुकायचे ते चुकायचेच.

माया आहे तितकी राहू दे, थट्टा थोडी आवर.

तुझी,
ओत्ला

---

बावोरी, ९ सप्टेंबर

चि. ओत्लास,

अ. आ. खोकला होता तिथेच आहे. झालं समाधान?

कुबीकला पाठव, त्यात विचारायचं काय. आबांची बरणी मी माळ्यावरून काढून पुसूनही ठेवली होती, ती आता काकड्यांच्या लोणच्याला लावतो. पण आबांना नावं ठेवू नकोस. त्या वर्षी गवत भिजलं तेव्हा पाऊस येणार म्हणून बेडूक बिचारा केव्हाचा शिडीवरून खाली उतरून बसला होता, आबाच डुलक्या काढत होते.

काम सुरूसुद्धा केलंय. एक जुनं ओकचं पिंप पडून होतं. ते मधोमध कापलं, आत फांद्या बसवल्या, वर जाळी ठोकली. बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची पट्टी जाळून झकास धूर दिलाय, जन्मभर प्रत्येक पिंपाला देत आलो तसा. पिंपं बांधणाऱ्याच्या घरी तुझ्या बेडकाचे लाड होतील. शेजारचा व्हिन्सेक रोज कुंपणाला टेकून विचारतो, आत वाइन भरणार की बेडूक.

द्राक्षं उतरायला आलीत. तुझी रोझालियेवहिनी गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे, तिथे मी कांदे पसरतो. घरात बोलायला चुलीखेरीज कुणी नाही, तेव्हा बेडूक तर बेडूक.

आशीर्वाद भरपूर, त्यांना तिकीट पडत नाही.

तुझा दादा,
लोइझा

---

ब्रनो, १४ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. पत्र वाचलं तशी लगेच लिहायला बसले. अरे, बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. ज्याला अंग टेकेल ते त्याच्या अंगात जातं. त्या गंधकाच्या पिंपात एक रात्र काढली तर सकाळी तू मला कुबीकचं नव्हे, त्याच्या मातीचं पत्र लिहिशील. ते पिंप कोबी आंबवायला घे आणि नव्याने सुरुवात कर.

त्याला रुंदीपेक्षा उंची हवी, कारण तो उभा जगतो. लाकूड बिनवासाचं घे, रंग नको, पॉलिश नको. बाजूंना तारेची जाळी लावू नकोस, उडी मारली की नाक सोलतं, पडद्याचं बारीक कापड लाव. फांद्या बोटाएवढ्या जाड आणि तिरप्या, एखादं रुंद पानांचं झाड कुंडीसकट आत. तळाला माती आणि ओलं शेवाळ, पण चिखल नको. उथळ बशीत पावसाचं पाणी. ऊन थेट नको, चुलीची धग नको, दाराचा वारा नको. आणि माश्या जिवंत हव्यात, मेलेली माशी त्याच्या लेखी माशीच नाही.

रविवारी आश्रमात जाऊन जागा बघितली. खोलीत आम्ही तिघी. माझी खाट दाराशी आहे, एक बाई दिवसभर रेडिओ लावतात. होईल सवय.

रागावले असले तरी तुझीच,
ओत्ला

---

बावोरी, २३ सप्टेंबर

चि. ओत्लास,

अ. आ. पिंप कोबीला दिलं. मला खरंच ठाऊक नव्हतं गं, त्या रात्री झोप लागली नाही.

आता लिंडेनचं लाकूड आणलंय, त्याला वास नाही. उंची माझ्या छातीपर्यंत धरतोय. माश्यांचं म्हणशील तर जन्मभर मी त्यांच्या मागे चिकट कागद घेऊन धावलो, आणि परवा तो कागद स्वतःच्या हाताने खाली काढला. व्हिन्सेकची बायको विचारते, तुमच्याकडे हल्ली माश्यांना आमंत्रण असतं का. थंडीत कुबीकचं काय करायचं तेही लिही.

आणखी एक. बेडकाला दाराचा वारा नको म्हणून तू मला सुनावतेस आणि स्वतः दाराशी खाट घेतेस, हे काही मला पटलं नाही. त्यांना खिडकीची खाट माग.

काळजी करणारा,
लोइझा

---

ब्रनो, १ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. माझ्या खाटेचं सोड. खिडकीशी ज्या बाई आहेत त्या माझ्याहून थकलेल्या आहेत.

थंडीत कुबीक झोपतो. शेवाळ आणि पाचोळ्याच्या खोक्यात घालून तळघरात ठेवायचा, पण वाइन फसफसायची थांबल्यावरच, नाहीतर त्या वायूने गुदमरेल. हे तुला मी सांगायला नको.

वीस तारखेला, शनिवारी दुपारच्या बसने त्याला घेऊन येते. खाऊ घालायचं दाखवीन आणि रविवारी परत फिरेन. एक विनंती आहे. पेटी दोघांना उचलता येईल अशी कर. वसंतात जवळपास कुणी ठेवून घेणारं मिळालं तर त्याला इकडे आणीन, म्हणजे अधूनमधून बघता येईल. तुझंही वय झालं, तुझ्यावर कुणाचाच भार नको, बेडकाचाही नको.

लोभ धरावा, भार धरू नये.

ओत्ला

---

बावोरी, १० ऑक्टोबर

चि. ओत्लास,

अ. आ. पेटी झाली. पुढची काच रोझालियेच्या कपबश्यांच्या कपाटाची आहे, ती असती तर तिनेच काढून दिली असती. बाजूंना पडद्याचं कापड, आत जर्दाळूच्या फांद्या, कुंडीत आयव्हीचा वेल. मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी उभी केलीय. कांदे माळ्यावर गेले. भिंतींना चुना दिला, शेगडीचं धुराडं साफ केलं.

घोटाळा एकच झाला. पेटी खोलीतच जोडली, आणि आता ती दारातून बाहेर निघत नाही. व्हिन्सेक हसून हसून खाली बसला. गावभर सांगत सुटलाय की लोइझा म्हातारा झाला, दाराचं माप घ्यायला विसरला. मी म्हटलं, हो बाबा, विसरलो.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. दाराचं माप मी सगळ्यात आधी घेतलं आणि पेटी त्याहून चार बोटं रुंद केली.

तेव्हा कुबीक आता इथून हलत नाही. ओत्ला, तूही रविवारच्या बसने जाऊ नकोस. त्या खोलीत खाट आहे, ती खिडकीशी आहे, आणि तिथे जायला जिना चढावा लागत नाही. मला एकट्याला करमत नाही. भाराचं पुन्हा काढलंस तर पत्र फाडून टाकीन.

वाट बघणारा,
तुझा दादा

---

ब्रनो, १५ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. पत्र वाचून आधी रडले, मग आश्रमात जाऊन माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगून आले. मुख्य बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, बेडकाची पेटी दारातून निघत नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि घरचं कुणी सोबत आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आहे, भाऊ आहे.

शनिवारी हातगाडी घेऊन बसवर ये. कुबीकचा डबा माझ्या मांडीवर असेल, गाडी बाकीच्या सगळ्या सामानाला लागेल.

आता एक मीही सांगून टाकते. पहिलं पत्र लिहायला बसले होते ते मला तुझ्याकडे यायचंय हे लिहायला. तीनदा कागद फाडला, ते वाक्य काही हातून उतरेना. मग बेडकाचं लिहिलं.

लोभाचं आता समोरासमोर बोलू.

तुझी,
ओत्ला