हरणीच्या गळ्यातलं बटण

नाशिक,
फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप दाजींना जयरामचा साष्टांग नमस्कार. ताईच्या गुडघ्यांची सूज उतरली का? तिकडे देवळ्याला कांदा काढायची घाई असेल, तेव्हा सवडीनं वाचा, पण एकटेच वाचा.

तुमची घोडी हरणी सुखरूप आहे, हे आधीच सांगतो (नाहीतर तुम्ही मधलं सगळं सोडून शेवट गाठाल). तिच्या गळ्यातला डावा पडदा लुळा पडून श्वासाच्या वाटेत यायचा, म्हणून ती धावताना शिट्टी मारल्यासारखी घुरघुरायची. पहिल्या ऑपरेशनात मी तो पडदा दोऱ्यानं बाजूला ओढून बांधला. पण तिथलं कूर्चेचं हाड मऊ. खरवसातून सुतळी ओढावी तसा दोरा त्यातून कापत गेला आणि घुरघुर परत आली. मग सुचलं की दोऱ्याखाली एखादं चपटं बटण ठेवलं तर ओढ पसरेल. ते बटण लहानूनं (माझा मेहुणा, लताचा भाऊ, ओझरच्या कारखान्यात टर्नर, माझ्या लग्नात बँडवाल्यांशी भांडला तोच) मित्राच्या लेथवर टेफ्लॉनच्या कांडीतून काढून दिलं. मेलेल्या घोड्याचा गळा स्वयंपाकघरातल्या कडीला टांगून, खाली वजनं लावून आम्ही ते तपासलं. (लता तेवढे दिवस शेजारी जेवली.) पहिल्या बटणांच्या कडा रुतत होत्या. लहानूनं त्या घासून गोल केल्या, बुडाला कूर्चेसारखा बाक दिला. शेवटचं बटण जागचं हललं नाही. तेच हरणीच्या गळ्यात बसवलं आणि तिला भरपूर विश्रांती दिली.

इथवर सगळं ठीक होतं. पण मला कौतुक हवं होतं. गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या मोकळ्या मैदानावर मी गावातले जनावरांचे डॉक्टर बोलावले, निवृत्तीकाकांना (आमचे सेवानिवृत्त साहेब) खुर्ची दिली, आणि लहानूला सगळ्यांपुढे उभं केलं. लांबून कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून हरणीची दोरी धरून मी स्वतःच तिच्याबरोबर धावलो. पहिला फेरा शांत गेला. दुसऱ्या फेऱ्यात तोच ओळखीचा आवाज सुरू झाला, घुर्र, घुर्र, आणि वाढतच गेला. मी थांबलो. लाजेनं माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत लहानूवर ओरडलो, की बोल्ट कातणाऱ्यानं घोड्याच्या गळ्यात नाक खुपसू नये.

हरणी खाली मान घालून गवत खाऊ लागली. आवाज मात्र चालूच. निवृत्तीकाका उठले, त्यांनी तपासायची नळी आधी हरणीच्या गळ्याला लावली, मग माझ्या छातीला.

"घोडी उत्तम आहे, जयराम," ते म्हणाले, "तू बस जरा."

लोक हसले, त्याचं काही नाही. मी मान वर केली तेव्हा लहानू सायकलवर टांग टाकून निघाला होता. घरी लता वाढते, पण ताट जरा जोरात ठेवते.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
जयराम

ता. क. – हरणीला न्यायला तुम्ही स्वतःच या, आणि मला ओझरला लहानूच्या घरी घेऊन चला. मी स्कूटरवरून त्याच्या गल्लीपर्यंत जातो आणि वळून परत येतो. झिपरू टांगेवाल्याचा घोडाही घुरघुरतोय, त्याला बटण लागेल, म्हणून लहानूला बोलावतोय असं लिहिणार होतो. पण तसं नाही. तो नाही तर घर सुनं वाटतं.

ता. क. दुसरा – पत्र पाकिटात घालतानाच लहानू येऊन गेला. झिपरूच्या घोड्यासाठी जरा मोठं बटण करून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि लताकडे चहा मागितला. समोर बसून त्यानं सगळा चहा संपवला. तेवढ्या वेळात मला एवढंच विचारता आलं, की साखर बरोबर आहे का. दाजी, लवकर या.